न वाचता येणाऱ्या पुस्तकाची चोरी

आकाशी शाईच्या त्या पुस्तकाची केस आठवली की मी आजही अस्वस्थ होतो. निवृत्त माणसाने शांत बसावे म्हणतात. मला ते जमलेले नाही.

सत्तरच्या दशकात मी सोलापुरात फौजदार होतो. वायरमन परीक्षेच्या पुस्तकाच्या चोरट्या प्रती शहरात फिरत आहेत, अशी फिर्याद एका प्रकाशकाने कोर्टात दिली. कोर्टाने दखल घेतली आणि तपास व जप्ती आमच्या गळ्यात पडली. आधीच दरोड्यांची कागदपत्रे तुंबलेली, त्यात हे! आम्ही टोळीच्या शोधात छापखाने पालथे घातले. हाती काही लागले नाही.

मग सात रस्ता चौकाजवळच्या एका कागदवाल्याने खबर दिली. "साहेब, छापखाने कशाला हुडकताय? पलीकडच्या टायपिंग क्लासातली बाई स्टेन्सिल लई न्यायला लागलीय की."

दोन पंच घेऊन आम्ही क्लासवर गेलो. स्टेन्सिलवरून प्रती काढायच्या सायक्लोस्टाइल यंत्राशेजारी प्रतींचा गठ्ठा होता. पंचनामा करून तो सील केला. क्लासात कारकुनी करणारी ती बाई मूळची नातेपुत्याची, लग्न होऊन सोलापुरात आलेली. क्लासच्या मालकीणबाईंना सोबत बसवून ठाण्यात तिचा जबाब घेतला.

"मूळ पुस्तक कुठून चोरलंत?" मी आवाज चढवला.

तिने पिशवीतून पुस्तक काढून टेबलावर ठेवले. "चोरलं न्हाय, इकत घेतलंय. वाचून दाखवा की."

मी उघडले तर पान कोरे वाटले. खिडकीपाशी नेल्यावर कुठे पुसट आकाशी अक्षरे दिसू लागली. कॅमेऱ्याने काढलेल्या नकलेत उतरू नये म्हणून प्रकाशकाने मुद्दाम ती शाई वापरली होती. त्याचेही चूक म्हणवेना. त्याच्या आधीच्या पुस्तकावर दुसऱ्यांनीच नकला काढून हात मारला होता.

"आमचं मालक दिसभर कारखान्यात असत्यात," बाई सांगू लागली. "सांजच्याला चिमणीच्या उजेडात ह्यातलं अक्षर दिसत न्हाय. वायरमनचा परवाना न्हाय मिळाला तर कामावरनं काढनार हायेत. म्हनून म्या काळ्या अक्षरात टाइप केलं. मग त्यांच्या जोडीदारांनी बी मागितलं."

तपास तिथेच संपला. टोळी नव्हती, छापखाना नव्हता. गुन्हा मात्र होता, आणि तो तिने कबूल केला होता. मला चीड आली, पण कोणाची ते कळेना.

खरी गंमत पुढे झाली. कोर्टाला ताडून बघण्यासाठी मूळ पानांची नक्कल हवी होती. पाने फोटो स्टुडिओत पाठवली, तर पांढरे कागद परत आले. कोर्टाचा कारकून म्हणाला, वाचता येईल अशी प्रत आणा. शेवटी ठाण्याचे लिखाण सांभाळणारे आमचे रायटर हवालदार खिडकीशी बसले आणि कुरकुरत सगळी पाने काळ्या शाईने उतरवून काढली. खाली मी 'खरी नक्कल' असे लिहून सही-शिक्का केला.

एवढ्यात बाईचा नवरा ठाण्यात आला. परीक्षा तोंडावर होती आणि त्याची प्रत मुद्देमालात. "साहेब, हितंच बसून वाचू का?"

सील तोडणे शक्य नव्हते. "जबाबासाठी रोज सकाळी यायचं," मी दरडावून सांगितले आणि हवालदारांची प्रत त्याच्यासमोर सरकवली. पाळीवर जाण्याआधी तो बाकावर बसून वाचत असे. वरिष्ठ अचानक आले तर काय सांगायचे, या काळजीने मी दारात येरझाऱ्या घालायचो.

तो पास झाला. नोकरी वाचली.

नंतर केस उभी राहिली. मॅजिस्ट्रेट साहेबांनी आमचीच नक्कल हातात धरून ओळी ताडल्या, गुन्हा शाबीत धरला आणि बाईला दंड केला. क्लासनेही तिला काढून टाकले.

चोर ओळखायला मला नोकरीने शिकवले. पण रीतसर विकत घेतलेले पुस्तक माणसाला वाचता तरी येते का, हे विचारण्याची सोय माझ्या कुठल्याच कलमात नव्हती. त्यानंतर पुस्तकांच्या प्रत्येक फिर्यादीत मी तो प्रश्न आधी विचारू लागलो, आणि बऱ्याच फिर्यादींना तो आवडला नाही.

निकालानंतर कोर्टाच्या व्हरांड्यात बाईने मला गाठले. "साहेब, तेच पुस्तक तुमी बी काळ्या शाईत उतरवलं. तुमच्या कागदावर शिक्का आन् मला दंड. असं कसं?"

"कायदा आहे, बाई."

ती शेजारी उभ्या नवऱ्याकडे वळून म्हणाली, "चला, तुमची पाळी चुकंल."