उजव्या डोळ्याची बाहुली

वटारच्या वाडीत शिडीवर चढून पानवेल बांधताना दादा, म्हणजे माझे वडील, डोक्यावर पडले. आत थोडा रक्तस्राव झाला होता. वसईच्या एका इस्पितळात त्यांना आयसीयूत ठेवलं. ते बोलत होते, सिस्टरांशी भांडतही होते. तरी सिस्टर सारख्या येऊन त्यांच्या डोळ्यांत टॉर्च मारून बघायच्या.

"लग्नाआधी सासऱ्यानेसुद्धा एवढं निरखलं नव्हतं," दादा पुटपुटायचे.

त्या सोमवारी संध्याकाळी टॉर्च मारता मारता सिस्टर थबकल्या. उजवी बाहुली डावीपेक्षा चांगलीच मोठी झाली होती आणि उजेडातही आकसत नव्हती. डॉक्टर धावत आले. रक्त वाढून मेंदूवर दाब आला की असं होतं, म्हणाले. लगेच स्कॅन करायचा, कदाचित कवटी उघडावी लागेल.

स्कॅन पहिल्यासारखाच आला. रक्त वाढलं नव्हतं. दादा शुद्धीवर होते, हातपाय हलवत होते. डॉक्टरांना उलगडा होईना.

"डोळ्यात कुणी काही घातलंत का?"

"नाही हो," मी छातीठोकपणे म्हणालो.

बाहेर बाकावर आई रडत होती. "माझी फुलं महादेवाला पोचली नाहीत का रे?"

फुलं धोत्र्याची होती. तिच्या पूजेसाठी दुपारी मीच तोडली होती, बोंडंसुद्धा. तसाच इस्पितळात आलो. भेटीची वेळ संपेल म्हणून दारातल्या बाटलीतलं औषध हाताला न चोळताच आत शिरलो आणि दादांच्या उजव्या डोळ्यातलं चिपड बोटाने पुसलं. मायेनेच पुसलं.

आत जाऊन सगळं सांगितलं. डॉक्टर माझ्या बोटांकडे बघत राहिले. "धोत्र्याच्या रसाने बाहुली मोठी होते. उतरेल हळूहळू. आम्ही लक्ष ठेवतोच. तुम्ही आधी हात धुवा."

माझ्या घाईपायी दादांची कवटी उघडली गेली असती, हे अजून मनातून जात नाही.

बाहुली उतरली, दादा वॉर्डात आले. मी त्यांना कबुली दिली.

"तरीच त्या डोळ्याने तू अंधुक दिसायचास," ते म्हणाले. "बरा दिसायचास."

मी पलंगापासून हातभर लांबच उभा होतो. त्यांनी माझा हात ओढून आपल्या गालावर टेकवला.

"बघ, किती वाढलीय. दाढी कर माझी."