दात आणि दुसरी सही

देशमुखांच्या ओसरीपुढं मी तोंड उघडलं. बैलासारखं.

त्यांच्या घोडीच्या पोटात कळ उठली होती म्हणून मला परतूरहून बोलावलं होतं. दुपार कलेपर्यंत मी तिच्याजवळ होतो. दवा पाजली, अंगणात फिरवली, पोट चोळलं. तिनं लीद टाकली तेव्हा कुठं सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मी हात धुतले आणि सदऱ्यातला सहीचा कागद काढून ओसरीखाली उभा राहिलो. वर गादीवर देशमुख आणि चार पाहुणे पान खात बसले होते.

"किती वर्षं झाली म्हणतो तू इथं येऊन?"

"पंधरा पुरी झाली, सरकार."

"कशावरून? बैलाचं वय तू दात बघून सांगतो ना? मंग उघड तोंड. बघू तरी, आमच्या मुलखाचा चारा किती वर्षं खाल्ला."

पाहुणे हसले. मीही हसलो. आणि उघडलं. कुणी धरलं नव्हतं मला, माझं मीच उघडलं. एक पाहुणा खाली उतरला. पानानं लाल झालेल्या बोटानं त्यानं माझा खालचा ओठ ओढला आणि वर बघून म्हणाला, "जुळलाय. औताला चालंल." आठही दात पुरे आलेल्या, ऐन उमेदीतल्या बैलाला जुळला म्हणतात.

देशमुख म्हणाले, बाजाराच्या दिवशी कागद घेऊन ये, करू सही. मी वाकलो. "लई उपकार झाले, सरकार." वाटेत ओढ्यावर तोंड धुतलं. ओठाला लागलेला कात जात नव्हता.

मी वऱ्हाडातला. धनगराचा. चौथीतून शाळा सुटली, कारण मेंढरांमागं माणूस पाहिजे होता. पुढं तिकडच्या जनावरांच्या दवाखान्यात झाडू मारता मारता पट्टी बांधायला शिकलो, सुई टोचायला शिकलो, परीक्षा दिली. परतूरच्या दवाखान्यात माणूस पाहिजे म्हणून कळलं आणि इकडं आलो. हंगामी म्हणून घेतलं. पंधरा वर्षं हंगामीच. पक्की नोकरी मुलकी माणसाला, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या रहिवाशाला, आणि मी गैरमुलकी. म्हणायला वऱ्हाडही निजाम सरकारचाच. पण कारभार इंग्रजाचा, तेवढ्यानं मी परका. तीच ज्वारी, तीच काळी माती, आणि लोक मला हाक मारायचे, "ओ परदेशी डाक्टर."

मुलकी व्हायचं तर पंधरा वर्षांचा रहिवास लागतो. दोन इज्जतदार माणसांच्या सह्या लागतात. आणि एक शपथ लागते, की मूळ गावी परतण्याचा इरादा मी कायमचा सोडला आहे. माय तिकडं एकटी होती. तरी मी लिहून दिलं. एक सही बाजारातल्या एका अडत्यानं केली. दुसरी देशमुखांची राहिली होती. दवाखान्याचे साहेब भला माणूस, त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की कागद या महिन्यात आला तर जागा तुझी, न्हाई तर हैदराबादहून दुसरा येईल.

मी घाबरट माणूस. कुणी बसायला पोतं टाकलं तरी दिवसभर त्याचे उपकार आठवायचो.

बाजाराच्या दिवशी कागद घेऊन गेलो. देशमुख लिंबाखाली आपल्या दमणी गाडीत बसले होते. त्यांचा एक बैल विकायला होता. शिंगं काचेनं घासलेली, वर तेल लावलेलं. अंतरवालीकडचा एक म्हातारा दोरीला हात लावून उभा होता. पेरणी तोंडावर आली होती आणि त्याचा एक बैल मेलेला. त्यानं माझ्याकडं बघितलं. "डाक्टर, तुमी सांगा. तुमी म्हनाल ते बराबर."

देशमुखांनी मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाले, "औंदाच जुळला म्हण. आन् लगेच कागद दे इकडं."

मी बैलाकडं गेलो. जनावराचे दात बघायची एक रीत आहे, बापानं मेंढरांवर शिकवलेली. आधी मानेवर हात ठेवायचा. मग नाकपुडीपुढं तळवा धरायचा, त्याला वास घेऊ द्यायचा. त्यानं मान झटकली तर थांबायचं. ओठ उचलायचा तो नंतर. इतकी वर्षं मी हे न चुकता करत आलो होतो. त्या दिवशी तळवा नाकापुढं धरला आणि हात तिथंच राहिला. बैलालासुद्धा आधी विचारतात. मला कुणी विचारलं होतं?

बैलानं वास घेतला. उभा राहिला. मी ओठ उचलला. आठही दात झिजून खुंट झालेले, मधे फटी.

"बैल म्हातारा आहे," मी मोठ्यानं म्हणालो. "दोन पावसाळेसुद्धा औत ओढणार न्हाई. वय लपवायला शिंगं घासलीत."

म्हाताऱ्यानं दोरी सोडली. खाली मान घालून गर्दीत शिरला. त्यालाही याच मुलखात राहायचं होतं.

देशमुखांचा आवाज चढला न्हाई. "परदेशी तो परदेशी. आमची भाकर खाऊन आम्हालाच बाजारात उघडं पाडतो. मागच्या बारीला तर लई गुमान तोंड उघडलं होतं रे."

"उघडलं होतं," मी म्हणालो. "ते तेवढं एकदाच. आता माझे दात कुणी बघायचे न्हाईत. तुमी बी न्हाई."

सरकार म्हणालो न्हाई. घडी केलेला कागद तसाच सदऱ्यात घातला आणि चालू लागलो.

महिना संपायच्या आत हैदराबादहून माणूस आला. चांगला पोरगा होता. घोड्याला बिचकायचा. कपाटाची किल्ली मीच त्याच्या हातात दिली.

आता मी वाटूरच्या फाट्यावर बाभळीखाली बसतो. जनावरं येतात. देशमुखांच्या गावची येत न्हाईत, त्यांना मनाई आहे. माय गेली ते मला उशिरा कळलं.

तो कागद पेटीत आहे. दुसऱ्या सहीची जागा कोरी आहे. वर माझ्याच हातानं लिहिलंय की मी परत जाणार न्हाई. ती शपथ मी लाचारीनं लिहिली होती. आता ती मी माझ्या मर्जीनं पाळून राह्यलो. इथंच राहीन, गैरमुलकी म्हणून राहीन, आणि ती कोरी जागा भरायला कुणाच्या ओसरीची पायरी चढणार न्हाई.