माझ्याशिवाय बोलणारं घर

शैलाताई गेल्याचा फोन तुमच्या बाबांना आला, मला नाही. नांदेडहून त्यांच्या भाचीनं केला होता. बाबांनी फोन ठेवला, चष्मा काढून बाजूला ठेवला आणि साठी उलटलेला माझा मुलगा ढसाढसा रडला. मी पाणी आणून दिलं. तेव्हा मनात आलं ते जसंच्या तसं लिहिते : माझ्यासाठी हा इतका रडेल का... त्याला आता दीड महिना झाला. तुम्ही दोघं परदेशातून विचारत होतात, या शैलाताई आपल्या कोण? नात्यातल्या कुणीच नव्हत्या. म्हणून नीट, क्रमानं सांगते.

लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं, आणि लागोपाठ पावसाळे कोरडे चालले होते. तुमच्या आजोबांची, म्हणजे अप्पांची, गंजात, म्हणजे बाजारपेठेत, धान्याची आडत होती. माल येईना, तसे अप्पा रिकाम्या गादीवर बसून रस्त्याकडे बघत राहायचे. नव्या जिल्ह्याला कचेऱ्या लागल्या, कचेऱ्यांना कारकून लागले, आणि तुमच्या बाबांनी अप्पांना न विचारता नोकरी धरली. त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं थांबलं. थांबलं म्हणजे माझ्यामार्फत सुरू झालं. "इचार तुझ्या साहेबाला, जेवायला हाय का न्हाई," अप्पा ओसरीवरून म्हणायचे. "सांग त्यांना, माझी वाट बघू नका," हे आतल्या खोलीतून. मध्ये एक भिंत आणि मी. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, कुठला शब्द गाळायचा, कुठला मऊ करायचा हे मला कळायचं. अप्पांचं "तिकडंच ऱ्हा म्हनाव" माझ्या तोंडून "उशीर झाला का, विचारत होते" असं होऊन पोचायचं. घर त्यावर टिकून होतं असं मला आजही वाटतं. आणि सुखही होतं त्यात... दोघांचंही माझ्यावाचून अडत होतं.

मग तुमच्या आईला दिवस गेले. एके सकाळी टँकरवरून घागर घेऊन आली, ती खाली ठेवायच्या आत म्हणाली, "आई, तिथं बायका एकमेकींच्या झिंज्या धरतात, पण बोलतात तरी. या मुक्या घरात मला बाळ आणायचं नाही." बाबांनी भाड्याची खोली बघितली. बिऱ्हाड वेगळं झालं असतं तर मुलगा, सून आणि येणारं बाळ, सगळंच माझ्या हातून गेलं असतं. तुमच्या आईचं माहेर नांदेडचं. तिथल्या एका दवाखान्यात शैलाताई नावाच्या बाई अख्ख्या घराला समोरासमोर बसवून बोलतं करतात, असं तिनं ऐकलं होतं. "आपुन काय येडे झालो का?" अप्पा म्हणाले. तेव्हा सूनच पुढे झाली, "नातवंडासाठी चला." अप्पा मुकाट्यानं एस.टी.त बसले.

शैलाताई मूळच्या मुदखेडच्या. शिक्षण मुंबईला झालेलं, पण बोलणं इकडचंच. त्यांनी तिघांच्या खुर्च्या जवळजवळ मांडल्या आणि माझी लांब, खिडकीशी. "वहिनी, तुमी आज फकस्त ऐकायचं." अप्पांनी सुरुवात केली, "हिला इचारा, पोरगं कसं..." ताईंनी तिथंच अडवलं. "त्यांना कशाला? पोरगं समोर हाय की. त्याच्याकडं तोंड करून म्हना." अप्पांनी आधी खुर्ची थोडी वळवून घेतली. मग मुलाकडं बघत म्हणाले, "मला इचारलं का न्हाईस?" बाबा म्हणाले, "तुम्ही नाही म्हणाला असता. आणि तुम्ही नाही म्हटल्यावर मला जाता आलं नसतं." माझे ओठ हलले असावेत, कारण ताईंनी माझ्याकडं न बघताच हात वर केला. मग अप्पांनी सांगितलं की त्यांनाही शाळा पुढं शिकायची होती. वडिलांनी दप्तर काढून घेऊन त्यांना गादीवर बसवलं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात ही गोष्ट मला त्यांनी कधी सांगितली नव्हती. ती त्यांनी एका परक्या बाईच्या खोलीत सांगितली. परतीच्या वाटेवर मला त्या बाईंचा राग येत होता, त्यांच्या साध्या सुती साडीचासुद्धा.

आम्ही महिन्यामहिन्यानं जात राहिलो. एका संध्याकाळी अप्पांनी ओसरीवरून "बसायचं का जेवायला?" असं विचारलं. मी सवयीनं हात पुसत आतल्या खोलीच्या दारात गेले, तर इकडून अप्पा "ऐकलं त्यानं" आणि तिकडून बाबा "ऐकलं मी" असं एकदमच म्हणाले. दोघंही हसले. भाड्याच्या खोलीचा विषय तिथंच संपला, आणि थोरले, तू याच घरात आलीस. सगळे म्हणायचे, घर कसं बदललं. माझ्या स्वयंपाकघरात मात्र आता निरोप घेऊन कुणी येत नव्हतं. शेवटच्या भेटीत मी ताईंना म्हणाले, "माझं घर सुधारलंत, आणि मला बेकार केलंत." त्या हसल्या. "निरोप सोडून तुमचं सवताचं काय म्हननं हाय, वहिनी?" मी पिशवी आवरायला लागले. त्यांनी घाई केली नाही. पण मीच उठले. पुढं अप्पा होते तोवर दर वर्षी त्यांना तूरडाळ पाठवत राहिले, बाबा नांदेडला गेले की त्यांच्याकडे जाऊन येत. मी पुन्हा कधी गेले नाही.

तेराव्याला मात्र गेले. विष्णुपुरीकडच्या त्यांच्या घरी बाहेरची खोली माणसांनी भरली होती, आणि त्यातलं त्यांच्या नात्यातलं जवळजवळ कुणीच नव्हतं. कुणी लोह्याचं, कुणी देगलूरचं. जो तो "आमच्या ताई, आमच्या ताई" म्हणत होता. मला ते टोचायला लागलं. माझ्या घरात शिरलेली बाई माझी होती. ही एवढी माणसं कुठून आली? शेजारी बसलेल्या, माझ्याच वयाच्या बाईंनी विचारलं, "तुमी कोन त्यांच्या?" मी तुमच्या बाबांकडं बघितलं. हल्ली बाहेर माझ्या वतीनं तेच बोलतात. त्यांनी प्रश्न ऐकला होता. पण ते माझ्याकडं बघत गप्पच राहिले.

"मी त्यांच्यावर लई जळायचे," मी म्हणाले.

त्या बाईंनी सतरंजीवर जरा सरकून मला नीट जागा करून दिली.

"मी पन," त्या म्हणाल्या. "बसा ऐसपैस."