विहिरीच्या वरचा खड्डा

लोकल बोर्डाच्या मेंबराने आमच्या वाडीला फसवले. सौदा मी केला होता, म्हणून पहिला फसलो तो मी.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, उतारावर आमची वाडी. प्रत्येक घराच्या मोरीचे पाणी मागच्या केळीत आणि अळवात जाई. एका साली हिवतापाने फार माणसे झोपली, तेव्हा हा मेंबर आला. म्हणाला, सगळ्या मोऱ्यांचे पाणी एका गटारात घ्या, ते मोठ्या खड्ड्यात सोडा, खड्डा दगडगोटे आणि वाळूने भरा. जमीन पाणी शोषून घेईल, डास राहणार नाहीत. बोर्डाचा छापील कागद त्याच्या हातात होता. मला तेव्हा सही तेवढी येई. वाचायला मी पुढे शिकलो, चिडून शिकलो.

जागा त्याने दाखवली ती विहिरीच्या खाली, माझ्या खाचरात. हिरड्याची ओझी डोक्यावर वाहून, मग बैलगाडी हाकून मी ते खाचर मिळवले होते. मी भडकलो. वाडीची घाण माझ्या भातात नको म्हटले. घरांच्या लगत, विहिरीच्या वर जांभ्या दगडाचा पडीक तुकडा होता, तो पुढे केला. शिवाय दगड माझ्या गाड्यांनी फुकट आणून टाकीन असे बोललो. बोर्डाच्या पैशाने बांधायचे गटार निम्म्याने आखूड होत होते. एरवी विड्याच्या पानासाठी घासाघीस करणारा मेंबर एका दमात हो म्हणाला. तिथेच मला शंका यायला हवी होती. मला वाटले, मी जिंकलो.

खड्डा तयार झाला तेव्हा बायांनी हंडे ओतून पाहिले. जांभा भोकाभोकांचा, पाणी क्षणभर टिकेना. सगळे खूश. शेजारची म्हातारी तेवढी काठावर वाकून बघत राहिली.

"जातं कुठं रे पन येवढं पानी?"

"तुझ्या माहेरी जातं, म्हातारे."

"माझं म्हायेर डोंगरावर हाय. पानी वर नाय चढत."

लोक हसले. मीही हसलो.

मोऱ्यांचे पाणी तुटल्यावर केळी सुकल्या, त्या तोडून टाकल्या. चैत्रात विहीर तळाला गेली. बायको म्हणाली, "अवो, पान्याला मासली धुतल्यागत वास येतोय."

"तुला कशाचा वास येत नाय गो?" मी तिच्यावर ओरडलो. ती त्याच विहिरीवर जात राहिली.

त्याच सुमारास गिरणीत कामाला असलेला वाडीतला एक जण मुंबईहून जुलाब घेऊन घरी आला. त्याची धोतरे मोरीत धुतली गेली. आठवडा भरायच्या आत वाडीत पटकी शिरली. बायकोने सकाळी भाकऱ्या थापल्या होत्या. दिवस मावळेपर्यंत तिचे डोळे खोल गेले, आवाज बसला. ती सारखी पाणी मागत होती आणि मी त्या विहिरीचे पाणी तिच्या तोंडात घालत होतो. दुसरा दिवस तिने पाहिला नाही.

बारावे झाल्यावर मी नीळ भिजवून गटारात ओतली. दोन दिवसांनी विहिरीच्या कडेच्या झऱ्यातून निळसर पाणी आले. महाडला बोर्डाच्या कचेरीत जाऊन एका कारकुनाकडून तोच छापील कागद वाचून घेतला. खड्डा पिण्याच्या पाण्याच्या वरच्या बाजूला कधीही खणू नये, असे त्यात स्पष्ट लिहिले होते.

तसाच मेंबराच्या ओटीवर गेलो. तो झोपाळ्यावरून उठलाही नाही.

"जागा कोणी मागितली, शेठ? तुम्हीच ना? दगडसुद्धा तुमचेच."

मी त्याची मानगूट धरली. त्याच्या गड्यांनी सोडवली.

जागा मी मागितली. स्वतःचे खाचर वाचवायला मागितली, हे मी कोणापुढेही कबूल करीन. पण कागद वाचता येत होता तो त्याला. खड्डा खणताना तो रोज तिथे छत्री धरून उभा होता. आज तो बोर्डावर पुन्हा निवडून आला आहे. त्याने वाडीत यावे, ज्यांच्या घरची माणसे गेली त्यांच्यासमोर उभे राहावे आणि सांगावे, ते वाक्य वाचलेले असताना तो मला हो का म्हणाला.