घरी मदत मिळते का?

विसरण्याचा आजार झालेल्या म्हाताऱ्या माणसांचं घरात कोण करतं, याचं सर्वेक्षण आमच्या संस्थेला करायचं होतं. प्रश्नावली बनवायचं काम माझ्याकडे आलं. मी वर्ध्याचीच, जिल्ह्याची बोली कानात मुरलेली, म्हणून असेल. इंग्रजीवरून केलेलं एक भाषांतर आधीच तयार होतं. त्यात विचारलं होतं, ‘रुग्णाची काळजी घेताना तुम्हाला कुटुंबाकडून पुरेशी मदत मिळते का?’ आणि खाली पर्याय दिले होते ‘पूर्णपणे सहमत’पासून ‘पूर्णपणे असहमत’पर्यंत. असं कोण बोलतं? मी पर्याय सोपे केले. प्रश्न मात्र ठीक वाटला, तो तसाच ठेवला.

खऱ्या सर्वेक्षणाआधी प्रश्नावली थोड्या घरांत विचारून बघतात. त्यासाठी मी अल्लीपूरला गेले. गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनी एका म्हाताऱ्या शिंप्याचं घर दाखवलं. ओसरीवर बायको खाटेवर बसलेली. तिच्या कमरेला एक मऊ नाडा बांधलेला होता आणि त्याचं दुसरं टोक शिलाई मशीनच्या पायाला.

मी नाड्याकडे बघतेय हे शिंपीबाबांच्या लक्षात आलं. ‘‘मी आंघोळीले गेलो का हे चालली रस्त्यानं,’’ ते म्हणाले. ‘‘मांगं वडनेरच्या रोडवर सापडली होती.’’

नाव कुठे येणार नाही, ही फक्त अभ्यासासाठी माहिती आहे, हे सगळं मी आधी वाचून दाखवलं. मग प्रश्न सुरू केले. मदत मिळते का?

‘‘हाव, मिळते ना. दोन पोरं हायेत, सुना हायेत. चांगले हायेत सारे.’’

बोलता बोलता ते बायकोच्या हनुवटीवरची लाळ पुसत होते. मी हातातल्या टॅबवर ‘हो’ला खूण केली खरी, पण बोट तिथेच थांबलं. ‘नाही’ म्हणायचं तर या माणसाला परक्या बाईसमोर पोटच्या पोरांची तक्रार करावी लागणार होती. ती तो कशाला करेल? मी टॅब बाजूला ठेवला.

‘‘बाबाजी, काल आईंना आंघोळ कोणी घातली?’’

‘‘मीनंच.’’

‘‘परवा?’’

‘‘मीनंच.’’

‘‘जेवू कोण घालतं?’’

यावर त्यांनी बायकोचा पदर सारखा केला. मग म्हणाले, ‘‘मोठा पुण्याले हाये. लहाना पल्याडच्या गल्लीत राह्यते. दिवाळीपासून आला नाई.’’ आणि त्यांचे डोळे वाहायला लागले.

बायकोनं हात लांब करून त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. ‘‘काऊन रडून राह्यले, भाऊ?’’ तिनं विचारलं. ‘‘तुमचं घर कोठी हाये?’’

त्यांनी तिचा हात तसाच राहू दिला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘हे सारं लिवलं ना म्याडम? मंग आता कोणी येईन का?’’

‘‘नाही बाबाजी. ही नुसती माहिती आहे.’’

‘‘बरं,’’ ते म्हणाले. ‘‘लिवा.’’

परत येऊन मी मत विचारणारे सगळे प्रश्न काढून टाकले. ‘मिळते का’च्या जागी ‘काल कोणी केलं’. आमचे प्रकल्पप्रमुख खूश झाले. मोठ्या फेरीत प्रश्नांनी कामही केलं. जिल्हाभर माणसं खरं बोलली आणि बोलताना रडलीही. अहवाल झाला. नागपूरला बैठक झाली, अधिकारी आले, माहिती फार उपयोगाची आहे म्हणाले. घरी येणारी नर्स किंवा दिवसभर म्हाताऱ्यांना सांभाळणारं केंद्र, यांतलं एखादं तरी सुरू होईल का, असं मी विचारलं. अशा कामाला निधीच नसतो, असं उत्तर मिळालं.

पुढच्या वर्षी त्याच घरांत दुसरी फेरी होती. काय बदललं ते बघायचं होतं. शिंपीबाबा दारातच उभे राहिले.

‘‘मांगच्या खेपेले सारं सांगतलं ना तुमाले. आता काऊन आले?’’

‘‘तेच प्रश्न पुन्हा विचारायचे आहेत, बाबाजी.’’

‘‘काय विचारता? तिनं आता अंथरूण धरलं. जा तुमी.’’

दार लागलं. मी टॅबवर ‘नकार’ नोंदवला.

असे नकार बरेच आले आणि बहुतेक असेच, एकट्यानं सगळं करणाऱ्या माणसांचे. ज्यांच्या घरी लेकीसुना हाताखाली होत्या, त्यांना बसून बोलायला फुरसत होती. दुसऱ्या फेरीत बोललेली घरं तेवढी मागच्या फेरीतल्या सगळ्या घरांशी ताडून पाहिली गेली, आणि कागदावर मदत वाढलेली दिसली. मी प्रमुखांना हे सांगितलं. त्यांना पटलंही. ‘‘खाली टीप टाकू,’’ ते म्हणाले. बारीक अक्षरात टीप पडली. बैठकीत ती कोणी वाचली नाही. परिस्थिती सुधारते आहे, तेव्हा हा विषय आता थांबवावा, असं ठरलं.

उन्हाळ्यात आशाताईंचा फोन आला. म्हातारी गेली होती. मी तेरवीला गेले. दारापुढे मांडव होता. पुण्याचा मुलगा आला होता, धाकटा पंगतीत वाढत होता, सुना स्वयंपाकात होत्या. बाबा एका बाजूला खुर्चीवर बसले होते. मला ओळखलं त्यांनी. ‘‘जेवून जाजा म्याडम,’’ म्हणाले.

मी पंगतीत बसले. धाकट्यानं आग्रह करून वरण वाढलं. आईचं फार केलं हो बाबांनी, असं तो शेजारच्या माणसाला सांगत होता.