क्वालिटीवाल्या काकांचा पिवळा टॅग

काळेवाडीत आमच्या शेजारी राहणाऱ्या क्वालिटीवाल्या काकांइतका संशयी आणि तितकाच मायाळू माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल. चाकणच्या कंपनीत जन्मभर पार्ट तपासून ते रिटायर झाले, पण तपासणी काही रिटायर झाली नाही. वांग्यांपासून पुतणीच्या स्थळापर्यंत सगळ्याला त्यांचे तीनच शेरे: ओके, रिजेक्ट आणि होल्ड. एकदा आमच्या पोह्यांनाही त्यांनी होल्ड लावला, लिंबू येईपर्यंत!

त्यांच्या नातीचे, ईशाचे, आईबाप दोघंही शिफ्टवाले. त्यामुळे ती टॅबवर गेम मागू लागली तेव्हा तपासणी काकांकडे आली. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी माझ्या चार वर्षांच्या पोरीला बुद्धिबळाचा गेम दिला, कारण त्यावर ‘३+’ असं वयाचं रेटिंग होतं. पोरगी रडली, मी रेटिंगला शिव्या घातल्या. काका उखडले, “अहो राव, तो आकडा म्हणजे अवघडपणा नव्हे! आत वावगं काही नाही, एवढंच सांगतोय तो. आणि खालचं बारीक कोण वाचणार? मारामारी, शिव्या, अनोळखी लोकांशी गप्पा, सगळं लिहिलेलं असतं!”

ईशा अकरा वर्षांची असताना तिनं ज्याचा हट्ट धरला तो गेम नेमका बारा वर्षांवरचा. काकांनी तिच्या टॅबवर चक्क कंपनीतला पिवळा होल्डचा टॅग चिकटवला. ईशानं अबोला धरला. काका जेवेनासे झाले, पण टॅग काढेनात. उलट स्वतःच्या मोबाइलवर तोच गेम खेळायला बसले. आठवडाभर भिंतीपलीकडून “मेलो! परत मेलो!” ऐकू यायचं. शेवटी त्यांनी तिला बोलावलं. “मारामारी कार्टूनसारखीच आहे. गप्पा बंद करून वाढदिवसाला देतो. पण तिसऱ्या पुलावर मी अडकलोय गं.”

ईशा फिसकन हसली. “आजोबा, तिथे दोनदा उडी मारायची! मैत्रिणीकडे खेळलेय मी.”

परवा ती अठरा वर्षांची झाली. शिकायला नागपूरला असते. काका उरलेले टॅग घेऊन गॅलरीत बसले होते. “आता तिला सगळंच ओके. आपलं काम संपलं, राव.” मलाच भरून आलं. तेवढ्यात फोन वाजला.

“आजोबा, एक गेम घेतेय, अठरावरचा. आधी तुम्ही बघून सांगा ना.”

काकांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढून परत पुसला.

“होल्डवर ठेव,” ते कसेबसे म्हणाले. “आठवडा लागेल मला.”