कोपऱ्यात आत्याचं नाव

माझी आत्या पाणी शुद्धीकरण केंद्रात एकतीस वर्षं दुपारची पाळी करत होती. तिथले सगळे तिला आत्याच म्हणत, साहेबसुद्धा. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे दोन थेंब टाकायचे, पिवळा रंग आला की क्लोरीन पुरेसा. रंग फिका वाटला की ती क्लोरीनची चावी पाव फेरा उघडायची. पाण्याला कोणी नावं ठेवली की त्याची गाठ आत्याशी. नाकावर माशी बसू द्यायची नाही.

मग केंद्रात नवं यंत्र आलं. ते बसवणारा यंत्रवाला बोलका होता. सगळ्यांना खुर्च्यांवर बसवून त्याने सायबरनेटिक्स समजावलं. हा शब्द म्हणे होडीचं सुकाणू धरणाऱ्यावरून आला. होडी किती भरकटली ते पाहायचं, तेवढंच सुकाणू वळवायचं, पुन्हा पाहायचं.

"म्हणजे सुनेने मीठ घालायचं आणि सासूने चव घेऊन सांगायचं," आत्या म्हणाली.

"अगदी तसंच. पाण्यात सोडलेला दांडा चव घेणार, यंत्र क्लोरीन सोडणार. चुकलं तर तुम्ही वर-खालीची बटणं दाबायची. वर्षभरात यंत्र तुमच्यासारखं होईल, आत्या."

"माझ्यासारखं? देव त्याचं भलं करो."

आणि झालंही. आत्या बटणाकडे हात न्यायची आणि बोट पोचायच्या आत आकडा सरकलेला असायचा. तिला त्याची गंमत वाटायची, ऐकून माझ्या अंगावर काटा यायचा. घरी गप्पा मारत बसली तरी तिचा अंगठा मांडीवर बटण दाबल्यासारखा हलत राहायचा. काचेची नळी कपाटात गेली. हातचाचणी आता नको, असं वरून पत्रच आलं होतं.

एके दुपारी तिने मला मोबाइलवर एक फोटो दाखवला. पडद्यावर क्लोरीनची रेघ, फूटपट्टीने आखावी इतकी सरळ. कोपऱ्यात आधी 'दांडा' असं लिहिलेलं असायचं, तिथे आता 'आत्या' असं होतं.

"बघ, लागली माझ्या नावाची पाटी. एकतीस वर्षांनी का होईना."

मी कौतुकाने तो फोटो चार जणांना पाठवला. आज ते आठवलं की मला माझीच चीड येते.

पुढच्याच आठवड्यात माझी पाच वर्षांची मुलगी आजारी पडली. जुलाब, उलट्या, ताप. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात ठेवावं लागलं. शेजारच्या खाटांवरही पोरंच. डॉक्टरीणबाईंनी पाणी उकळून द्यायला सांगितलं तेव्हा आत्याचा चेहरा पडला. सहा दिवस रजा काढून ती पोरीच्या उशाशी बसली. मी घर आणि दवाखाना अशा चकरा मारत होते. पोरगी जरा सावरायची, पुन्हा मलूल व्हायची.

सातव्या दिवशी पोरगी डोळे उघडेना. आत्या कामावर गेली होती. मी तडक केंद्र गाठलं.

"आत्या, माझ्यासाठी एकदा ती काचेची नळी काढ."

तिला राग आला. तरी तिने नळी काढली, धुतली, थेंब टाकले. पाणी पिवळं झालंच नाही. तिने तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच, आणि पडद्यावर रेघ तशीच सरळ. आत्याने यंत्रवाल्याला फोन लावला.

"कोपऱ्यात काय लिहिलंय, आत्या?"

"माझं नाव."

मग त्याने विचारलं, "किती दिवस?"

दांडा शेवाळ धरून आंधळा झाला होता. अशा वेळी यंत्राने आत्याच्या बटणांवरून पाण्याचा अंदाज करायचा आणि अंदाज कोणाचा ते कोपऱ्यात लिहायचं, अशी सोय होती. तिकडे क्लोरीन सोडणारी नळी खडे बसून तुंबली होती. आत्या पडद्याकडे बघून बटण दाबत होती, यंत्र आत्याकडे बघून आकडा दाखवत होतं. दोघांचं छान जमलं होतं. पाण्याकडे कोणीच बघत नव्हतं, एकोणीस दिवस.

माझी मुलगी वाचली. शेजारच्या खाटेवरची वाचली नाही.

चौकशीला मी आत्याबरोबर गेले. साहेबांनी नोंदींचे कागद पुढे ठेवले. एकोणीसही दुपारी बटण दाबल्याची नोंद, आत्याच्या नावावर.

मी टेबलावर हात आपटला. "यातले सहा दिवस ही दवाखान्यात होती! रजेचा अर्ज आहे."

यंत्रवाला मान खाली घालून म्हणाला, "आत्या दाबणार असं वाटलं की यंत्र स्वतःच दाबून मोकळं होत होतं. रजेच्या दिवशीही. हे आम्ही त्याला शिकवलं नव्हतं."

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "आत्या, यातल्या तुमच्या नोंदी तेवढ्या दाखवा. बाकीची जबाबदारी तुमच्यावर नाही."

आत्याने चष्मा लावला. तिचं बोट ओळीओळीवरून खाली गेलं, पुन्हा वर आलं. किती वेळ कोण जाणे.

"ओळखू येत नाही, साहेब. सगळ्या माझ्याच वाटतात."

तिने पेन उचललं आणि प्रत्येक पानावर सही करायला लागली. रजेच्या पानांवरसुद्धा.

"अहो, ते दिवस तरी सोडा," साहेब म्हणाले. "तेव्हा तुम्ही पोरीपाशी होता."

"होते ना," आत्या म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. "ही घरी गेली की उकळलेलं पाणी मोरीत ओतून देत होते. आपल्या नळाचं ताजं पाजत होते."